५८ चं स्टिकर, ५२ चं इंजिन

मामाच्या चेनसॉवर लाल अक्षरात मोठ्ठं ५८ सीसी लिहिलंय. सिलिंडर काढून व्हर्नियर लावला तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, निघाला ४५.२ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, साडेबत्तीसच्या आसपास, हिशेब केला की ५२ सीसी आणि वर चिमूटभर. या स्वस्तातल्या मशिनांत हे सर्रास चालतं, नाव नको घ्यायला कुणाचं, पण ज्यांच्याकडं असलं मशीन आहे त्यांनी एकदा मोजून बघाच. तर हे जे ५२ सीसी आहे त्यातनं निदान ५२ सीसीएवढं तरी काम निघावं एवढाच माझा हट्ट होता, कारण मशीन जसं येतं तसं ते तेवढंही देत नाही.

मामाचं घर बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढं. तिकडं पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्यावर झाड आडवं पडणं ही बातमी नसते, आणि रस्त्यावर नाही पडलं तर कुणाच्या तरी परड्यात नाहीतर गोठ्यावर पडलेलं असतंय. तेव्हा मशीन लागतंच. (उभं झाड तोडायचं असेल तर स्वतःच्या रानातलं असलं तरी कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते बरं का, निलगिरी, सुरू अशी काही झाडं सोडली तर. आधी अर्ज, मग करवत.) मामाचं म्हणणं साधं होतं, "नवं घेऊया की रे, त्या डब्याला कशाला हात लावूलालास?" पण चांगल्या कंपनीचं ५० सीसीचं नवं मशीन घ्यायचं म्हणजे या डब्याच्या कितीतरी पट पैसे, आणि वापर वर्षातनं पावसाळ्याचे तीन महिने. शिवाय डबा असला तरी आतलं सिलिंडर क्रोम प्लेटिंगचं आहे, क्रँक सरळ आहे, पिस्टनवर ओरखडे नाहीत. मग का फेकायचं?

यूट्यूबवर बघाल तर पोरं डायरेक्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धूर जायची तोंडं, ग्राइंड करायला बसतात. माझं मत उलटं आहे. आधी मशीन गळतंय का बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंप असतो, पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोल खाली ओढायचं, खाली येताना ते दाबून ट्रान्सफर पोर्टमधनं वर ढकलायचं. तिथं कुठं बारीक भोक असलं तर बाहेरची फुकटची हवा आत जाते, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे नुसतं पेट्रोल कमी नाही, त्याच्याबरोबर ऑइलही कमी, कारण ऑइल पेट्रोलमधनंच येतं. असल्या मशिनाची पॉवर वाढवायची म्हणजे पिस्टन लवकर जाम करायची सोय.

टेस्ट घरात होते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढायचा, दोन्ही तोंडांवर जुन्या ट्यूबचा रबर लावून पट्टीनं आवळायचं, स्पार्क प्लगच्या भोकात सायकलचा व्हॉल्व्ह बसेल असं काहीतरी जुगाड करायचं आणि पंपानं साधारण ७ पीएसआय हवा भरायची, जास्त नाही, नाहीतर क्रँकच्या टोकाचं रबरी सीलच उलटं व्हायचं. मग साबणाचं पाणी ब्रशनं लावत जायचं. आमच्यात फ्लायव्हीलच्या बाजूच्या सीलाभोवती अगदी मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले, एकामागं एक, घाई नाही काही नाही. एवढ्यानं मशीन आयडलला कधी भरधाव पळायचं, कधी बंद पडायचं, आणि मामा दोन वर्षं कार्बोरेटरला शिव्या घालत होता. सीलवर साईज छापलेली असते, बेअरिंगच्या दुकानात तीच साईज मिळाली. क्लचच्या बाजूचं सील बदलताना मात्र लक्षात ठेवा, क्लचचे आटे उलटे असतात. आणि क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातनं नायलॉनची दोरी आत घालायची, स्क्रू-ड्रायव्हर नाही, पिस्टनला भोक पडेल.

गळती थांबली, आता सायलेन्सर. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. आत एक पत्रा, त्याच्या पुढं दुसरा पत्रा, आणि शेवटी बाहेर जायला करंगळी कशीबशी जाईल एवढं भोक. नाकात बोळे घालून पळायला सांगितल्यासारखं. मी आतल्या पत्र्याला दोन भोकं मारली आणि पुढच्या बाजूला एक जास्तीचं तोंड काढून छोटा पाईप वेल्ड करून घेतला. आता किती उघडायचं, तर सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या तीनचतुर्थांशपर्यंत पुरे, त्याच्या पुढं नुसता आवाज वाढतो. तोंड हाताकडं किंवा प्लास्टिककडं यायला नको. आणि सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगी अडवणारी जाळी काढू नका. भीमगडच्या जंगलाच्या बाजूला मार्च-एप्रिलमध्ये पाचोळा कसा वाळलेला असतो ते तिकडच्यांना सांगायला नको, एक ठिणगी बास झाली. जाळी रॉकेलमध्ये धुवून परत लावायची.

पुढचं काम बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत. तिथं एक लेथवाले अण्णा आहेत, कन्नड-मराठी मिसळून बोलतात, फाउंड्रीच्या कास्टिंगची कामं करता करता आमच्यासारख्यांची असली किरकोळ कामंही घेतात. विषय होता सिलिंडरच्या बुडातलं गॅस्केट. पिस्टन टॉपला आला की त्याच्या कडेत आणि हेडमध्ये जी फट राहते ती म्हणजे स्क्विश. ती मोजायला सोल्डरची तार प्लगच्या भोकातनं सिलिंडरच्या भिंतीला टेकेल अशी आत घालायची, फ्लायव्हील हातानं एक फेरा फिरवायचं, तार चेपते, चेपलेलं टोक मोजायचं. आमचं भरलं १.१ मिमी. गॅस्केट अर्ध्या मिमीचं. ते काढून टाकून नुसता पेट्रोलला टिकणारा सीलंट पातळ चोपडला की राहते ०.६. वरचं गणित करा, ४५.२ च्या बोअरला अर्धा मिमी म्हणजे ०.८ सीसी जागा कमी, आणि ती कम्बशन चेंबरच्या एवढ्याशा जागेतनं कमी झाली की कॉम्प्रेशन हाताला दोरी ओढतानाच कळतं.

अण्णांनी तार हातात घेऊन उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "अर्धा एमएम तरी सोड मर्दा, त्याच्या खाली गेलास तर मला विचारू नको." बरोबर आहे, दहा-अकरा हजार आरपीएमला कनेक्टिंग रॉड किंचित ताणतो, बेअरिंगचा प्ले असतो, कार्बन साचतो, आणि पिस्टन हेडला टक्कर देतो. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला जो यूट्यूबवाले विचारत नाहीत. "सिलिंडर खाली आणलास, मग एक्झॉस्टचं काय करतोस?"

हे समजून घ्यायसारखं आहे. सिलिंडर अर्धा मिमी खाली बसला की त्यातली सगळी पोर्टं अर्धा मिमी खाली येतात. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पिस्टनच्या वरच्या कडेनं उघडतात, ती आता उशिरा उघडणार आणि लवकर बंद होणार. इनटेक पिस्टनच्या खालच्या कडेनं उघडतं, ते उलट जास्त वेळ उघडं राहणार. म्हणजे गॅस्केट काढल्यावर खालच्या आरपीएमला ताकद वाढते पण वर मशीन गुदमरल्यासारखं होऊ शकतं. म्हणून एक्झॉस्टचं छत, म्हणजे त्या पोर्टाची वरची कड, तेवढंच, अर्धा मिमी, वर घ्यायचं. आमचं ग्राइंडिंग एवढंच. रुंदी वाढवायच्या मोहात पडू नका, बोअरच्या ६५ टक्क्यांच्या पुढं गेलं की रिंग पोर्टात फुगून अडकते आणि तुटते. ट्रान्सफर पोर्टात कास्टिंगची फुसकुली राहिलेली होती, म्हणजे अक्षरशः पत्र्याच्या कपच्या, हवा जायच्या वाटेत उभ्या, त्या पेन-ग्राइंडरनं साफ केल्या, ट्रान्सफरची उंची तशीच ठेवली. ग्राइंडर आतनं बाहेरच्या दिशेनं चालवायचा, बाहेरनं आत आलात तर प्लेटिंगचा पापुद्रा उचलतो. शेवटी पोर्टाच्या कडेला बारीक पॉलिश पेपरनं उतार द्यायचा, रिंग तिथनं दिवसाला लाखो वेळा जाते, धारदार कड ठेवून चालत नाही. आणि नंतर सगळं साबण-पाण्यानं धुणं, परत धुणं. अण्णांनी मजुरी घेतली नाही, "चालू झाल्यावर आवाज ऐकव" म्हणाले.

टायमिंगला हात लावला नाही. फ्लायव्हीलची चावी घासून स्पार्क दोनचार डिग्री अलीकडं आणतात, फरक पडतो, पण कॉम्प्रेशन आधीच वाढवलेलं, वर अॅडव्हान्स केलं की सुरू करताना दोरी उलटा झटका देते आणि मामाचं वय साठीच्या पुढं. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट मात्र नीट केली, ०.३ मिमी, मधे व्हिजिटिंग कार्ड धरून स्क्रू आवळायचे, काम झालं.

आता ट्यूनिंग, आणि जीव इथंच आहे. सायलेन्सर मोकळा केला की आधीच्या सेटिंगवर मशीन लीन होतं, म्हणजे कार्बोरेटरचा एच स्क्रू, फुल स्पीडच्या पेट्रोलचा, उघडावाच लागतो. त्यात आता पंपावर सगळीकडं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळं तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, म्हणजे अजून थोडा उघडा. एल (कमी स्पीडचा स्क्रू) आणि आयडल आधी बसवून घ्यायचं, मग मशीन गरम झाल्यावर लाकडात न घालता फुल थ्रॉटल द्यायचं, दोनतीन सेकंदच, आणि कान द्यायचा. आवाज थोडा भरडा, अडखळल्यासारखा ब्लबब्लब यायला पाहिजे, त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. लाकडात घातलं की तोच आवाज सरळ आणि स्वच्छ झाला पाहिजे. रिकामं असतानाच शिट्टीसारखं कडक किंचाळत असेल तर ऐकायला भारी वाटतं पण ते लीन आहे, लगेच सोडा. टॅकोमीटर असेल तर उत्तम, मी रिकाम्याला ११ हजाराच्या आसपास ठेवलंय, याच्या वर या क्रँकवर माझा विश्वास नाही. ऑइल ४० ला १, लिटरला २५ एमएल, चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, स्कूटरच्या गॅरेजातलं सुटं नको. आणि ई२० पाणी ओढतं, आमच्याकडच्या पावसात तर विचारूच नका, म्हणून मिसळलेलं पेट्रोल महिनाभर कॅनमध्ये ठेवायचं नाही, काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, नाहीतर कार्बोरेटरचा डायफ्राम कडक होतो.

एवढं सगळं करून चेन बोथट असेल तर मात्र सगळं पाण्यात. ही चेन .३२५ इंच पिचची, तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते, आणि प्रत्येक दातापुढची ती बुटकी कड असते ती दातापेक्षा ०.६५ मिमी खाली पाहिजे. चेन बरोबर धारेची असली की भुस्सा नाही पडत, ढलप्या पडतात. भुस्सा पडायला लागला की इंजिनाला दोष न देता खाली बसून कानस मारायची. आमच्याकडच्या माणसांना हेच पटत नाही, मशीन दाबत बसतात.

मामाच्या परड्यात पडलेल्या अकेशियावर लावून बघितलं. आधी खोडात अर्धा बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, गेला की चेन थांबायची आणि क्लचचा वास यायचा, आता बार पूर्ण बुडला तरी ओढतंय. मामा बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "आवाज लई झाला की रे." झालाच आहे. कानाला मफ लावल्याशिवाय आता हे मशीन वापरायचं नाही, आणि चेन ब्रेक काम करतो का ते रोज सुरू करायच्या आधी बघायचं, पॉवर वाढली की किकबॅक, म्हणजे बार उसळून अंगाकडं येणं, तेही तेवढ्याच जोरात येतं.

शेवटचा बदल म्हणजे २० इंची बार काढून १८ चा घातला, ७६ ऐवजी ७२ लिंकची चेन. या मशिनाचा ऑइल पंप २० च्या टोकापर्यंत नीट तेल पोचवत नव्हता, कागदावर टोक धरलं तर तेलाची रेघ उमटायची नाही, आता उमटते. मशीन पुढं हलकंही झालंय. जुना बार आणि त्याची चेन शेजारच्या गावातल्या एकानं मागितलीय, त्याच्या मशिनावरपण ५८ लिहिलंय म्हणे.