दगडफूल

आज दुपारी कॅनडातल्या किचनरला ग्रँड नदीकाठच्या पायोनियर टॉवरपाशी गेलो होतो. बुरूज १९२६चा, आणि टोकावर वारा दाखवायला कोंबडा नाही, चक्क कोनेस्टोगा गाडी, म्हणजे कापडी छताची मोठी घोडागाडी! १८०० साली पेनसिल्व्हेनियाहून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची पहिली कुटुंबं इथं येऊन वसली, त्या प्रवासाची ही खूण.

शेजारीच त्यांची छोटीशी दफनभूमी. एका पांढऱ्या दगडावरची अक्षरं साखर विरघळावी तशी विरलेली, त्यावर दगडफूल (हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्याचंच भाऊबंद). नाव वाचायला मी किल्लीने खरवडायला निघालो, तर बायको म्हणाली, "अहो, हात लावू नका!" बरोबरच होतं तिचं. संगमरवर मऊ, खरवडलं की दगडफुलाबरोबर अक्षरही जातं. मऊ ब्रश, साधं पाणी, बस्स.

नाव शेवटपर्यंत लागलं नाही.