व्हीआर हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी पीडी मोजून घ्या

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात हल्ली एक नवी तक्रार यायला लागली आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत डिझाइनचं काम करणारी पोरं येतात, कॉलेजची मुलं येतात. "काका, नंबर वाढलाय वाटतं. डोळे दुखायलेत, कपाळ ठणकतंय." मोबाईल किती बघतोस म्हणून विचारलं की सांगतात, मोबाईल नव्हे, व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारा हेडसेट. नंबर तपासावा तर बहुतेकांचा जिथल्या तिथे असतो.

चष्म्याच्या धंद्यातला माणूस म्हणून माझं म्हणणं असं, की हेडसेट हा आधी चष्मा आहे आणि मग कॉम्प्युटर. दोन भिंगं, त्यांच्या मागे पडदा. साधा चष्मा करायचा तर आम्ही नाकाचं, कानाचं, बाहुल्यांचं माप घेतो. हेडसेट मात्र मित्राच्या डोक्यावरून काढला की तसाच आपल्या डोक्यावर चढतो. डोळ्यांच्या त्रासातला मोठा भाग मला इथेच दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं माप म्हणजे पीडी, दोन बाहुल्यांमधलं अंतर. हेडसेटच्या कागदांत त्यालाच आयपीडी लिहिलेलं असतं. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ वालेही असतात आणि ७० च्या पुढचेही. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये भिंगं सरकवायला तीनच जागा आहेत, ५८, ६३ आणि ६८. क्वेस्ट ३ ला चाक आहे, ते फिरवून हवं तिथे थांबता येतं. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर चित्र कडेला पुसट होतं. शिवाय प्रत्येक डोळ्याला आत किंवा बाहेर ओढ बसते, आणि दोन चित्रं एक करायला डोळ्यांचे स्नायू सारखे राबत राहतात. पाच-दहा मिनिटांत ते कळत नाही, अर्ध्या-पाऊण तासानं कपाळ धरतं. चष्म्यात एवढी चूक झाली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येईल.

पीडी कुठल्याही चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात मोजून मिळते. मागताना 'लांबची पीडी' मागा. वाचायच्या चष्म्यासाठी घेतलेली जवळची पीडी साधारण ३ मिलिमीटरनं कमी असते, कारण जवळ बघताना डोळे आत वळतात. हेडसेटला ती चालत नाही.

आता नंबराचं. पडदा डोळ्यापासून चार बोटांवर आहे, मग लांबचा चष्मा कशाला, असं अनेकांना वाटतं. पण मधलं भिंग त्या पडद्याचं चित्र लांब नेऊन ठेवतं. आजच्या बहुतेक हेडसेटांत ते साधारण सव्वा ते दोन मीटरवर असतं. म्हणून ज्याचा नंबर उणे अर्धा आहे त्याचं बिनचष्म्याचं भागून जातं, पण उणे दोनवाल्याला अर्ध्या मीटरपलीकडचं पुसटच दिसतं आणि तो उगाच डोळे बारीक करत बसतो. त्यानं चष्मा घालूनच बघावं, नाहीतर हेडसेटमध्ये बसणारी नंबरची भिंगं करून घ्यावीत. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली तर दोन्हींवर ओरखडे पडतात, म्हणून मधे जागा ठेवणारी पट्टी किंवा भिंगं डोळ्यांपासून मागे-पुढे सरकवायची सोय वापरायचीच.

चाळिशीवाल्यांचं उलट असतं. निपाणीचे एक गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, मुलानं घेतलेला हेडसेट वाचायचा चष्मा लावून बघायचे आणि सगळं धूसर दिसतं म्हणायचे. वाचायचा चष्मा चाळीस-पन्नास सेंटिमीटरसाठी असतो, आणि इथे चित्र दीड मीटरवर. त्यांना म्हटलं, "अण्णा, चाळिशी काढून ठेवा, तुमचा लांबचा नंबर शून्य आहे." तेवढ्यानं काम झालं. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्हवाल्यांनी मात्र जपून, कारण नजर खाली गेली की वाचायचा भाग आडवा येतो. हेडसेटपुरता एकाच नंबरचा, लहान फ्रेमचा चष्मा करून घेतलेला बरा.

एवढं सगळं बरोबर असूनही एक ताण उरतोच, आणि तो यंत्राच्या बनावटीत आहे. बोट नाकासमोर धरून जवळ आणा. डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग फुगून फोकस जवळ आणतं. लहानपणापासून ही दोन्ही कामं जोडीनं चालतात. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात, पण चित्र खरं म्हणजे दीड मीटरवरच असतं, त्यामुळे फोकस तिथेच धरावा लागतो. जोडीतल्या एकाला पुढे बोलावायचं आणि दुसऱ्याला मागे थोपवायचं, असा तो प्रकार. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवलं, की या ओढाताणीनं डोळे थकतात आणि दोन चित्रं एक व्हायलाही जास्त वेळ लागतो.

याचा उपाय आपल्या हातात आहे. उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे ब्लॉक डिझाइन करणारा एक पोरगा हेडसेटमध्ये भाग अगदी नाकाला लावून आतली भोकं तपासायचा. त्याला सांगितलं, भाग जवळ ओढू नको, दोन हात लांब ठेव आणि आकार मोठा कर. मेनू, व्हिडिओचा पडदा, वाचायचा मजकूर, जे जे सरकवता येतं ते दीड-दोन मीटरवर नेऊन ठेवा. अक्षर बारीक वाटलं तर मोठं करा.

विश्रांतीबद्दल एक गैरसमज मला फार खटकतो. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं, हा नियम पोरांना पाठ असतो, पण ती हेडसेटमधल्याच डोंगराकडे बघतात आणि डोळ्यांना विसावा दिला म्हणतात. तो डोंगर लांबचा नसतोच. तोही त्याच दीड मीटरवर असतो, डोळ्यातलं भिंग जिथल्या तिथे अडकलेलं राहतं. हेडसेट काढा, गच्चीवर जा आणि येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे बघा. काढल्यावर पापण्याही मुद्दाम मिटा-उघडा. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवतो, पडद्यात गुंतल्यावर ते बरंच कमी होतं. "डोळ्यात खडा गेल्यागत वाटतंय" ही तक्रार बहुतेक त्यातूनच येते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात अजून एक भानगड. जून ते सप्टेंबर हवा गार आणि ओली, खानापूरकडे तर विचारूच नका. गार भिंगावर चेहऱ्याची वाफ धरते, चित्र पुसट होतं आणि डोळे ताण देऊन ते बघायला जातात. हेडसेट सुरू करून थोडा वेळ नुसता ठेवा, जरा कोमट झाला की घाला. पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापडच घ्या. पदर, रुमाल, स्पिरिट काही नको, भिंगं प्लास्टिकची असतात. आणि ऊन पडलं म्हणून तो उन्हात वाळवायला ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो.

हेडसेट अर्धा किलोच्या घरात असतो. मागचा पट्टा कवटीच्या उंचवट्याखाली बसला नाही तर पुढचा भाग गालावर घसरतो आणि बाहुली भिंगाच्या मध्यापासून वर-खाली होते. घातल्यावर अक्षर धारदार दिसेपर्यंत वर-खाली हलवून घ्या, मगच पट्टा आवळा.

लहान मुलांना हौसेनं देणाऱ्या आई-बापांना मी स्पष्ट नको म्हणतो. मेटानं स्वतः दहा वर्षांची खालची मर्यादा घातली आहे. लहान पोरांची पीडी बरेचदा हेडसेटच्या सगळ्यात कमी मापाच्याही खाली असते, म्हणजे भिंग त्यांच्या डोळ्यासमोर येतच नाही.

माप नीट, नंबर नीट, विश्रांती नीट, तरीही एकाचं दोन दिसत असेल किंवा दर वेळी डोकं धरत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लपलेला तिरळेपणा किंवा जवळ बघताना डोळे आत वळण्यातली कमजोरी अशा वेळी उघडी पडते. ती चष्मेवाल्याकडे मिटत नाही. आणि हेडसेट काढल्या काढल्या खानापूर रोडला गाडी काढू नका. नजर आणि तोल जागेवर यायला दहा-पंधरा मिनिटं द्या, मग किल्ली घ्या.