'तोवर आराम करा' आणि माझी मांडी

एक्स-रे, रक्ततपासणी, गोळ्या, सगळं दोन दिवसांत उरकलं. वय ६७, उजव्या गुडघ्याची झीज. चिठ्ठीवर फिजिओथेरपी लिहून डॉक्टर म्हणाले, "तोवर आराम करा, जिने टाळा."

ते 'तोवर' नऊ आठवडे लांबलं. फिजिओथेरपीच्या खिडकीवर चिठ्ठी परत मिळाली, कारण कोणता गुडघा ते लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. पुढच्या खेपेला 'उजवा' एवढा एक शब्द लिहून आणला, तर तारीख दीड महिन्यानंतरची. त्या दिवशी गेले, तर यादीत नावच नाही! जुनी नोंद रद्द केलेली आणि नवी कुणी केलीच नव्हती. पुन्हा दोन आठवडे. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण तेवढे दिवस मी सांगितल्याप्रमाणे बसून होते. शेवटी शेवटी खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा रेटा लागायला लागला.

पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर मोजायची फीत लावली. उजवी मांडी डावीपेक्षा ३ सेंटिमीटर बारीक. मग हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठबस. मला २१ सेकंद लागले. १५ च्या वर गेलं की ताकद कमी झाल्याची शंका घेतात. दुखतं म्हणून हलायचं नाही, हलत नाही म्हणून मांडी वाळते, आणि मांडी वाळली की गुडघ्याला आधार उरत नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

व्यायाम साधेच होते. पाय लांब करून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. नंतर उठबस, मग घोट्याला वजन. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं राहिलं तर कमी करायचं. वजन उतरवायला नुसतं जेवण तोडू नका, त्यात स्नायूही जातात. या वयात प्रथिनं दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीन महिन्यांनी तीच उठबस १३ सेकंदांत झाली. झीज आहे तेवढीच आहे, पण जिना मी कठडा न धरता उतरते.

आणि हो, चिठ्ठी डॉक्टरांसमोरच वाचून घ्या. उजवा की डावा, लिहिलंय का बघा. तारखेला थांबावं लागणार असेल, तर तोवर घरी कोणता व्यायाम करू, हेही तिथेच विचारा.