रूम टोन

मी साउंड रेकॉर्डिस्ट आहे. लोक बोलतात ते टिपणं हे माझं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर निम्मा दिवस आवाज बंद करण्यात जातो. पंखा बंद, एसी बंद, ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर तीही बंद, पलीकडच्या खोलीतला फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यायची, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचं विसरता येत नाही.

मुलाखत संपली की शेवटचं एक काम उरतं, ते म्हणजे रूम टोन. सगळ्यांनी आहे तिथे, आहे तसं थांबायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता साठ सेकंद रेकॉर्ड करायची. नवख्या माणसाला याचं हसू येतं. पण एडिटिंगमध्ये मधलं एखादं वाक्य कापलं की तिथे भोक पडतं. त्या भोकात पूर्ण शून्य ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, स्पीकर गेला. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, दुसरीकडची चालत नाही.

हे काम करायला लागून मला बारा वर्षं झाली, आणि रविवारी चर्चच्या मिक्सरवर बसायला लागून त्याहून जास्त. आमचे पास्टर उपासनेत म्हणतात, "आपण क्षणभर प्रभूपुढे शांत राहू या." तो क्षण मी रेकॉर्डिंगवर मोजलेला आहे. आठ सेकंद. तेवढ्यात एक तर पास्टर स्वतःच प्रार्थना सुरू करतात, नाही तर कीबोर्डवाला हळूच सूर धरतो आणि मी त्याचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, वर नेते.

कार्मेल या कॅथलिक संघाच्या सिस्टरांच्या मठातलं शूटिंग आलं ते झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या आठवड्यात. प्रार्थनेवरची फिल्म होती. मठ बंदिस्त, म्हणजे सिस्टर आतून बाहेर येत नाहीत आणि बोलणं होतं ते जाळीपलीकडून. म्हणून आम्ही तिघी बायकाच गेलो होतो: दिग्दर्शिका, कॅमेरावाली आणि मी. माझं डोकं त्या दिवशी जागेवर नव्हतं. क्वायरची प्रॅक्टिस, संडे स्कूलचं नाटक, तरुण संघाच्या शिबिराची यादी आणि उत्तम शुक्रवारसाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, जादा माइकची जमवाजमव, सगळं माझ्याच गळ्यात होतं. त्या दिवसांत मी प्रार्थना करत होते का? भरपूर. पण माइकवरून, नाहीतर दुसऱ्यांच्या प्रार्थनेचा ट्रेबल कमी-जास्त करत.

भेटीच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याची टिकटिक माइकमध्ये ठणठणीत येत होती. मी स्टुलावर चढून त्याचा सेल काढला आणि खिशात टाकला.

जाळीपलीकडे मदर येऊन बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, पाठ ताठ. त्यांनी सगळं पाहिलं.

"घड्याळ थांबवलंस? आमच्या तेरेजाला फार आवडलं असतं."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. स्पेनमधल्या अविलाची संत तेरेजा, जिने सोळाव्या शतकात कार्मेलच्या सुधारणेला हात घातला आणि १५६२ मध्ये पहिला मठ काढला, तिनेच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिला आत राहण्यापेक्षा तो तास संपण्याचीच ओढ जास्त असायची. सगळं लक्ष घड्याळाचा ठोका कधी पडतो याकडे. रोज दोन तास मौन प्रार्थना, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असा शिरस्ता ज्या बाईच्या मठांत आजही पाळतात, तिची ही कबुली. मला एकदम हलकं वाटलं, हे मान्य करते.

मुलाखत तासभर चालली. बरंचसं मी विसरले, कारण काम करताना आम्ही शब्द ऐकत नाही, त्यांतले 'स' आणि 'प' ऐकतो. दोन गोष्टी मात्र राहिल्या.

एक बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची. कार्मेलचे लोक त्याला आपला पूर्वज मानतात. होरेब डोंगरावर वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला आणि त्यांपैकी कशातच परमेश्वर नव्हता. त्यानंतर जे आलं त्याला आपल्या बायबलात मंद वाणी म्हटलंय. मदर म्हणाल्या, मूळ हिब्रू शब्द धरले तर त्याचा अर्थ 'बारीक शांततेचा आवाज' असा काहीसा निघतो. आता हे वाक्य हेडफोन लावलेल्या बाईने ऐकायचं म्हणजे! मी लेव्हल बघायची विसरले.

दुसरी पुन्हा तेरेजाचीच. १५७७ मध्ये, साठी उलटल्यावर, ती लिहिते की लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात पूर आलेल्या नद्यांसारखा घोंघाट चाललाय, वर पाखरांचा किलबिलाट आणि शिट्ट्या. आणि पुढे म्हणते, पण या गोंगाटाने प्रार्थनेत काही अडत नाही. दिग्दर्शिकेने विचारलं, "म्हणजे विचार आले तर करायचं काय?" मदर म्हणाल्या, "काही नाही. त्यांच्या मागे जायचं नाही आणि त्यांना हाकलायलाही उठायचं नाही. प्रभूचं नाव घ्यायचं आणि परत येऊन बसायचं. शंभरदा गेलीस तर शंभरदा परत ये."

मुलाखत आटोपली. मी म्हटलं, "आता एक मिनिट रूम टोन. कुणी हलू नका."

विसाव्या सेकंदाला ढुर्रर्र. मोबाइल. मी रागाने कॅमेरावालीकडे पाहिलं, तर ती माझ्या खिशाकडे बघत होती. क्वायरच्या ग्रुपवर प्रॅक्टिस सहाला की साडेसहाला, यावर चर्चा चालली होती. बारा वर्षांत दुसऱ्यांचे मोबाइल गोळा करणारी बाई मी.

मोबाइल बंद करून दुसरा टेक. आता एक बारीक, कोरडी खरखर. लयीत. मी गेन, म्हणजे माइकमधून येणारा आवाज मोठा करायचं प्रमाण, आणखी वाढवला. शांतता टिपताना गेन वाढवावाच लागतो, आणि वाढवला की जे एरवी खाली दबलेलं असतं ते सगळं वर येतं. केबल तपासली, ट्रायपॉड तपासला, खिडकी पाहिली. खरखर चालूच. शेवटी खाली नजर गेली तेव्हा दिसलं की माझाच उजवा पाय हलत होता आणि तळवा फरशीवर घासत होता. मी पाय हलवते हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

"सापडलं?" मदरनी विचारलं.

"हो मदर. मीच होते."

त्या हसल्या. "नव्या मुली येतात ना आमच्याकडे, त्या दोन-तीन महिन्यांनी मला सांगतात, मदर, बाहेर होते तेव्हा माझं मन बरं होतं, इथे येऊनच बिघडलं."

गेन, मी मनात म्हटलं.

तिसरा टेक. दोन्ही पाय फरशीवर टेकवले, डोळे मीटरवर. हिरवी पट्टी तळाशी जेमतेम थरथरत होती. लगेच यादी सुरू झाली. देवदूतांचे पंख कुणाच्या घरी आहेत? येशू. शिबिराच्या बसला फोन केला का? येशू. साडेसहा म्हणजे फार उशीर होणार. येशू. हे मी काही ठरवून करत नव्हते. मदरचं वाक्य कानात ताजं होतं, एवढंच. मग केव्हातरी मीटरकडे बघणं सुटलं. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मुद्दाम सांगते, कारण आमच्यात 'अनुभव' म्हटला की लोक दर्शनाची वाट बघतात. खोली होती आणि मी खोलीत होते. एरवी मी असते ती पुढच्या खोलीत.

घंटा झाली तेव्हा पट्टी थेट लाल झाली आणि मी दचकले. मशीनवर आकडा होता सहा मिनिटं चाळीस सेकंद.

आमच्यात रेकॉर्डिस्ट 'कट' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नसतं. त्यामुळे कॅमेरावाली तेवढा सगळा वेळ ट्रायपॉडची प्लेट हातात धरून, एका पायावर भार देऊन उभी होती. नंतर तिने मला ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दिग्दर्शिका म्हणाली, "मला वाटलं काहीतरी बिघडलंय आणि तू शोधतेयस." भिंतीवरच्या घड्याळात तर एक तासापूर्वीचीच वेळ होती.

मदर सावकाश उठल्या. "आमची प्रार्थनेची वेळ झाली," म्हणाल्या. मला विचारावंसं वाटलं, मग आत्ता काय चाललं होतं? पण तोवर जाळीपलीकडचं दार लागलं होतं.

रात्री घरी खिशातून सेल निघाला. किल्लीचा नियम शिकवणारी मी, आणि घड्याळ तसंच सोडून आले. सकाळी मठात फोन करून माफी मागितली. फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या, "बंद आहे होय? आमच्या कुणाच्या लक्षातच नाही आलं. आम्ही घंटेवर चालतो."

तो तिसरा टेक मी हेडफोन लावून पूर्ण ऐकला. सुरुवातीला माझी बाही घासते. मग गिळल्याचा आवाज. लांबून एक पक्षी. मदरचा श्वास, दर वेळी सोडताना किंचित अडखळणारा. तिसऱ्या मिनिटानंतर माझा असा आवाज सापडत नाही. गेन कितीही वाढवून पाहिला. एडिटरने त्यातले बारा सेकंद वापरले.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर पोचल्यावर गाडी लावायची आणि आत तशीच वीस मिनिटं बसायचं, असं ठरवलंय. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहेच की. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आणि येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात निघून जातो. शिमोन आणि मंडळी त्याला शोधत येतात, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतात, तरी तो त्या गर्दीकडे परतत नाही, पुढच्या गावांना जाऊ या म्हणतो. क्वायरच्या ग्रुपवर हे कुणी टाकत नाही. आठवड्यातून तीनदा जमतं. त्यातल्या एखाद्या दिवशी तर कान मोबाइलच्या गजराकडेच असतात.

गेल्या महिन्यात मी पास्टरांना विचारलं की शांततेच्या वेळी कीबोर्ड ठेवला नाही तर? ते विचारात पडले. "लोकांना वाटेल काहीतरी बिघडलंय."

"वाटू दे ना, एक रविवार."

"बघ बाई," ते म्हणाले. आमच्याकडे याला होकार समजतात. कीबोर्डवाल्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

रविवारी ते म्हणाले, "आपण क्षणभर प्रभूपुढे शांत राहू या." कीबोर्डवाल्याने सवयीने पट्ट्यांवर हात ठेवले. मी फेडर खालीच ठेवला. त्याने वर बूथकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि कानाकडे बोट केलं. मी मान हलवली, चॅनेल ठीक आहे. त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. पास्टरांचे ओठ एकदा हलले आणि मिटले.

एकोणीस सेकंद. मग पुढच्या बाकावर कुणाला तरी ठसका लागला.