येईल ती ताटली

दुपारी तीनच्या सुमाराला फिरत्या सुशीच्या दुकानात बसण्यासारखं सुख नाही. जेवायची गर्दी ओसरलेली, ऑफिसवाले पळालेले, आणि सुशीच्या ताटल्या वाहणारा पट्टा आपल्याच तंद्रीत फिरत असतो. टोकियोतल्या निशी-कासाईत घराजवळ असं एक दुकान आहे. परवा तिथे बसले होते, तर काकडीची एक माकी, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेली भाताची वळकटी, पुन्हा पुन्हा समोरून जायला लागली. कोणी उचलेना. मीही उचलली नाही, पण दर फेरीला तिच्याकडे बघून उगीच ओशाळायला झालं.

काय करणार, माझा जीव साबावर. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा जपानी भाऊबंद. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवतात. कातडी निळसर चंदेरी, वर किसलेलं आलं. आईला पहिल्यांदा आणलं तेव्हा "बांगडा, आणि चुलीवर न चढवता?" म्हणून तिने तोंडच फिरवलं. मग तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला गोडसर भात, म्हणजे इनारी, तिला इतकी आवडली की माझ्याही वाटणीची गेली. इनारी देवाच्या कोल्ह्यांना तळलेला तोफू प्रिय, म्हणून हे नाव. कोल्ह्यांना कळतं, असं आईचं मत पडलं.

मासा बघून माणूस भाळतो, पण सुशीत खरा जीव भाताचा. व्हिनेगर, साखर, मीठ बेतात, अंगाइतका कोमट, उचलताना सुटू नये आणि तोंडात गेल्यावर घट्ट राहू नये. मोठ्या आचाऱ्यांची हयात यात जाते. आमच्या दुकानात भात यंत्र वळतं. चालतं मला.

हा पट्टा ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशींचा. दुकान छोटं, वाढायला माणसं पुरेनात. बिअरच्या कारखान्यात बाटल्या सरकताना पाहिल्या आणि 1958 साली त्यांनी सुशीला फिरायला लावलं. वेगावर म्हणे बराच खल झाला. शेवटी ठरला सेकंदाला 8 सेंटीमीटर.

आजोळच्या पंगतीत मामाचा वेग याहून कमी होता, निदान जिलबी वाढताना. तो दुसऱ्या टोकाला असायचा आणि मी मसालेभात पुरवून पुरवून खात त्याच्या ताटावर नजर ठेवून. अगदी शेजारच्या पानापर्यंत यायचा आणि ताट रिकामं! "आणतो हं" म्हणून आत जायचा, तो उगवायचा मठ्ठा घेऊन. तोवर कुणीतरी मोठ्यांदा श्लोक सुरू केलेला, त्यामुळे ओरडायचीही सोय नाही. नंतर मात्र नको नको म्हणताना पानावर चार जिलब्या पडायच्या. पट्टा आग्रह करत नाही. घ्यायचं तर घ्या, नाहीतर मी चाललो पुढे. हे मला वयाबरोबर जास्त आवडायला लागलंय.

आता बऱ्याच दुकानांत पट्ट्यावर काही नसतंच. पडद्यावर बोट टेकवायचं की वरच्या रुळावरून ताटली सुसाट येऊन नेमकी तुमच्यापुढे थांबते. 2023 च्या सुरुवातीला एका टवाळ पोराने सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावतानाचा व्हिडिओ पसरला आणि उघडा पट्टा आणखी बदनाम झाला. स्वच्छतेचं म्हणणं बरोबरच आहे, अन्नही कमी वाया जातं. पण मागवलं की तेच येतं. वळणावरून काय येतंय म्हणून मान लांब करून बघायचं, शेजारच्या आजोबांनी आपली साबा पळवली म्हणून मनातल्या मनात चरफडायचं, आणि त्या रागात कधी न खाल्लेलं काहीतरी उचलायचं, हे सगळं संपलं. मी ऑक्टोपस अशीच खायला लागले.

आमच्या दुकानातही पुढच्या महिन्यापासून पडदे बसणार, अशी दारावर पाटी लागलीये. बसवू देत. मी साबाचं बटण दाबीन, दुसरं काय.