आमची वाटचाल : पुण्याच्या कर्वेनगरमधला आमचा वाचन-लेखनाचा क्लास

क्लास सुरू केला २०१२ ला, घराच्याच पुढच्या खोलीत, चार मुलं आणि शिकवायला मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी आधी एकाच बालवाडीत शिकवायचो. कार्डं आम्ही हाताने केली, अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट आणून, कारण तयार कार्डांवर ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे असायचे आणि आपल्याकडे २००९ च्या सरकारी जीआरने मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ल नि देठाचा श, ठरवून दिलेत. पुस्तकात एक ल आणि कार्डावर दुसरा, मग मूल गोंधळणारच ना. सुरुवात अ आ इ पासून नाही, ग म भ न पासून. चार अक्षरं झाली की मूल मग, मन, नभ, गमन वाचायला लागतं, तेव्हाचा त्याचा चेहरा बघावा! लिहिणं आधी रव्याच्या ताटात बोटाने, मग पाटी, मग दुरेघी वही. ताट अजून तेच आहे, काठाला पोचा आलाय.

२०१७ च्या जूनमध्ये, ऐन ॲडमिशनच्या दिवसांत, मैत्रिणीने दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढला. आमच्याच कार्डांच्या झेरॉक्स, वर फ्लेक्स, तीस दिवसांत वाचन. मला कळलं ते पालकांकडून. सव्वीसातली सात मुलं उरली आणि मी नुकताच डिपॉझिट भरून गाळा घेतलेला, दोन महिने भाडं मंगळसूत्र ठेवून भरलं. हे मी विसरलेले नाही.

तेव्हा एक रिक्षावाले काका टिकले. त्यांची मुलगी कानामात्रा सगळं गाळून वाचायची, शाळेत वाचायला उभं केलं की पोटात दुखायचं. काका रिक्षा लावून पायरीवर बसून ऐकायचे. म्हणाले, मॅडम, इथे तिचं पोट दुखत नाही, आणि तीन महिन्यांची फी आगाऊ ठेवून गेले.

पुढच्या वर्षी तिकडची मुलं आमच्याकडे यायला लागली. एकाला कार्डं ओळीने धडाधड येत होती, मी पिसली आणि 'कप' दाखवलं तर म्हणतो कमळ. चित्र पाठ, अक्षर नाही. कार्डं नेता येतात हो, कुठलं अक्षर कधी द्यायचं आणि कुठे थांबायचं ते कसं नेणार?

लॉकडाऊनचं सांगत नाही, ते सगळ्यांचंच झालं.

पालकांना एक सांगते, लहान हातात लांब पेन्सिल देऊ नका, बोटभर तुकडा द्या, पकड आपोआप तीन बोटांत येते. आणि मूल चुकीचं वाचत असेल तर मध्ये तोडू नका, वाक्य संपू द्या, पुष्कळदा ते स्वतःच मागे येऊन दुरुस्त करतं. रोज दहा मिनिटं मोठ्याने, पण रोज.

काकांची मुलगी आता आठवीत आहे. धाकट्याची फी परवाच देऊन गेले, सोमवारपासून त्याचं ग म भ न.