तांबडा पाटा आला कुठून? नागपूर ते रामटेक, दगडांच्या मागं मागं

आमच्या कराडकडं दगड म्हणला की तो काळाच. घराचं जोतं काळं, विहिरीचं बांधकाम काळं, देवळाच्या पायऱ्या काळ्या, आणि प्रीतिसंगमावरची वाळूसुद्धा काळपट, त्यामुळं दगडाला दुसरा रंग असतो हे मला पुस्तकातनं माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. जानेवारीत आत्याकडं नागपूरला गेले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी वाटायला बसले तर पाटा तांबूस! विटेसारखा नाही, जरा गुलाबी-पिवळसर झाक असलेला, आणि पाण्यानं पुसला की रंग अजून गडद होतो. बोट फिरवलं तर खरखरीत, आमच्या काळ्या पाट्याला टाकी लावल्यावर जो खरखरीतपणा येतो तसा नाही, याचा दाणा जन्मतःच वेगळा. कडेला नखानं जोरात खरवडलं तर वाळूचे दोन-तीन बारीक कण बोटाला लागले.

आत्या म्हणाली सासूबाईंच्या आधीपासून घरात आहे, कामठीच्या बाजारातनं आणलेला म्हणतात. आतेभाऊ म्हणजे दादा, तो जन्मापासून नागपूरचा, तो चहा घेता घेता म्हणाला, "काय पाहून राह्यली तू त्या पाट्यात एवढं? कामठीकडं सगळा असाच दगड आहे ना, उद्या चल दाखवतो." बस, एवढ्यावरनं ठरलं.

पण दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी होती आणि सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळं सगळ्यांसाठी वर्षातनं तीनच दिवस उघडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, मग आधी तिकडं गेलो. गर्दी भरपूर, लहान पोरं खांद्यावर, सगळीकडं झेंडे. बडी टेकडी आणि छोटी टेकडी अशा दोन टेकड्या, १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई इथंच झाली. लोक तोफा बघत होते, मी खाली बघत चालले होते, कारण पायाखाली आमच्याकडचाच काळा दगड होता. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, खरंच.

हा काळा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधनं लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला, आज जो शिल्लक आहे तोच जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. महाबळेश्वरच्या बाजूला याची जाडी हजार मीटरच्या वर आहे, आपण घाट चढतो तेव्हा पायऱ्या पायऱ्यांसारखे कडे दिसतात ते हेच थर. आणि पूर्वेला येत येत तो पातळ होत जातो, धिरडं तव्यावर टाकलं की मध्ये जाड आणि कडेला जाळीदार पातळ होतं ना, तसं. नागपूर म्हणजे त्या धिरड्याची कड! सीताबर्डीच्या दोन टेकड्या म्हणजे त्या कडेचे उरलेले तुकडे. हे कळल्यावर मला त्या टेकडीवर उभं राहून पूर्वेकडं बघायला फार भारी वाटलं, म्हणजे इथनं थोडं पुढं गेलं की सह्याद्रीचा दगड संपतो.

तिथनं काटोल रोडला निघालो. वाटेत गिट्टीखदान नावाचा भाग लागतो. आमच्याकडं जिला खडी म्हणतात तिला इकडं गिट्टी म्हणतात, म्हणजे खडीची खाण असाच त्याचा सरळ अर्थ झाला, पण दादा तिथनं शाळेत असल्यापासून जातो आणि त्याच्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याच बाजूला टाकळी आहे, आता पार शहरात गेलेली, पण १८५० च्या आसपास स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं तिथं जे शोधलं त्यानं नागपूरचं नाव जगभरच्या भूगर्भ अभ्यासकांपर्यंत गेलं. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये मातकट दगडाचा एक थर आणि त्यात गोड्या पाण्यातले शंख, झाडांचे अवशेष. म्हणजे एक लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळी साचली, गोगलगायी राहिल्या, झाडं उगवली, आणि मग परत लाव्हा आला. मला आधी वाटायचं लाव्हा म्हणजे एकदाच काय तो धडाका, पण मध्ये इतका निवांत काळ गेला की तळ्यात शंख वाढावेत! नागपूरकरांना हिस्लॉप म्हणजे कॉलेज एवढंच माहीत असतं. तो माणूस १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून घोड्यावरनं परत येताना पूर आलेल्या नाल्यात वाहून गेला. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

आणि शिळावर्तुळं बघायला टाकळघाटला जायलाच पाहिजे असं नाही, काटोल रोडवरच जुनापाणीला जवळजवळ तीनशे आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं पुरून त्याभोवती मोठमोठे काळे धोंडे गोल मांडले. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे एका ओळीत कोरलेत, त्यात अंगठ्याचं टोक बरोबर बसतं. आम्ही दोघं बराच वेळ ते खळगे मोजत बसलो, आजूबाजूला कुणी नाही, फक्त वारा आणि वाळलेलं गवत. धोंडे मुळातच गोलसर आहेत कारण बसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं झिजतो, कोपरे आधी जातात आणि मध्ये गोळा उरतो, म्हणजे घडवायचं निम्मं काम ऊन-पावसानं आधीच करून ठेवलेलं.

२७ तारखेला सकाळी सात वाजता दादाच्या बाईकवर कामठी रोडला लागलो. थंडी मजबूत. तर्री पोहे खाऊन निघालो हे सांगायलाच पाहिजे कारण नंतर चार तास काही मिळालं नाही. कामठी सोळा-सतरा किलोमीटर, आणि तिथं जुन्या घरांच्या भिंतीत, कुंपणाच्या गडग्यात, एका बंद पडलेल्या विहिरीच्या काठाला, सगळीकडं पाट्याचाच दगड. तांबूस, पिवळसर, काही ठिकाणी गडद लोखंडी लाल. विहिरीच्या काठावर दोरीनं घासून घासून खोल खाचा पडल्या होत्या, काळ्या दगडाला अशा खाचा पडायला अजून किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे.

हा वालुकाश्म, म्हणजे नदीनं आणून टाकलेली वाळूच, दाबली गेली, कणाकणाच्या मध्ये लोह बसलं म्हणून रंग तांबडा आणि सगळं घट्ट झालं. वय साधारण २५ कोटी वर्षं. याला नावच कामठीचं मिळालंय, भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ म्हणून हाच दगड ओळखतात. आणि याच्या खाली कोळसा, सिल्लेवाडा, कामठी या खाणींचा. म्हणजे लाव्हा यायच्या कितीतरी आधी इथं मोठ्या नद्या होत्या, दलदली होत्या, जंगलं होती. सिल्लेवाड्याच्या याच वालुकाश्मात हिस्लॉपला पानांचे ठसे सापडले होते, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचे, जिभेच्या आकाराचं पान आणि मधोमध ठळक शीर. तीच पानं दक्षिण अमेरिकेत सापडतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, आणि अंटार्क्टिकावर पण. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरनं परत येताना बर्फात गेले, त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलो दगड होते, जीव जात असताना पण त्यांनी ते टाकले नव्हते, आणि त्यात हेच पान निघालं. हे सगळे खंड एकेकाळी एकत्र होते याच्या पुराव्यातलं एक पान आणि ते कामठीच्या दगडात पण आहे! हे दादाला सांगितलं तर त्यानं बाईक बाजूला घेतली आणि म्हणाला, "काय सांगतेस! म्हणजे आपल्या पाट्याच्या दगडात असू शकते?" आपल्या पाट्यात नसेल, पण दगड त्याच घरचा.

कन्हानच्या पुलाच्या अलीकडं टायर पंक्चर झालं. दुकानदार टायर खोलत होता तेवढ्यात मी नदीत उतरले. आणि इथं मला जे दिसलं त्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप लिहितेय. कन्हानची वाळू सोनेरी आहे. मूठभर हातात घेतली, पाण्यात धुतली आणि तळहातावर पसरली, तर काचेसारखे पारदर्शक कण, दुधी कण, फिकट गुलाबी कण, एखादाच काळा. मी कृष्णेच्या काठावर वाढलेली बाई, मला वाळू म्हणजे काळपट करडी एवढंच माहीत. आणि तिथंच बसल्या बसल्या डोक्यात लख्ख झालं की बसाल्टमध्ये गारगोटीचे असे कण नसतातच, त्यामुळं आमच्या नदीला ते मिळणार कुठनं? कन्हान सातपुड्यातनं छिंदवाड्याकडनं येते, येता येता जुन्या दगडांना घासून आणते, म्हणून तिच्या हातात गारगोटी आहे. नदी काय खाते ते तिच्या वाळूत दिसतं, इतकं साधं आहे हे आणि मला पन्नाशीला आल्यावर कळलं. वर आले तर दुकानदार म्हणाला, "थे रेती चांगली हाय म्याडम, अर्धं नागपूर याच रेतीनं बांधलं." एका पिशवीत थोडी भरून घेतली.

पुढं जबलपूर रोडनं मनसर. शेतं बदलत गेली. काटोलकडं काळी माती, कापूस, संत्र्याच्या बागा, आणि इकडं फिकट जमीन, कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. दादाचा एक मित्र भंडाऱ्याचा आहे, तो नेहमी म्हणतो आमच्याकडं कापूस कोण लावणार बाप्पा, आमच्याकडं तलाव अन् धान. त्या बोलण्यामागं पण दगडच आहे की! काळी माती ही बसाल्टची लेक, बसाल्ट संपला की माती बदलली, माती बदलली की पीक बदललं, जेवणातली भाकरी जाऊन भात आला. मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळचे शेतीचे तलाव, इतके त्या बाजूलाच का, हे पण मग आपोआप समजायला लागतं.

मनसरला मात्र मी गडबडले. रस्त्याच्या कडेला काळे दगडाचे तुकडे! मला वाटलं झालं, बसाल्ट संपला असं मी इतका वेळ सांगतेय आणि तो परत हजर. एक तुकडा उचलला आणि हात खालीच गेला इतका जड, लिंबाएवढा खडा पण वजन अंदाजाच्या दीडपट. खाली ठेवला तर बोटं काळी, कोळशासारखी. रुमालानं पुसली तरी रेषांमध्ये काळं राहिलंच. दादा म्हणाला, "अगं तो मँगनीज आहे, इथं खाण आहे ना." आणि मग आठवलं, लहानपणी आम्ही बॅटरीचे संपलेले सेल फोडायचो, आतली कांडी फळ्यावर लिहायला घ्यायचो आणि हात असेच काळे व्हायचे, आई ओरडायची. कांडीभोवतीची ती काळी भुकटी म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. पोलाद बनवायला तर मँगनीज लागतंच लागतं. इथल्या मँगनीजच्या खडकांचा अभ्यास फर्मर नावाच्या साहेबानं केला आणि त्यातल्या एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरनं ‘गोंडाइट’ नाव दिलं, ते आज जगभर चालतं. मला हे नाव फार आवडलं. ज्यांची जमीन त्यांचं नाव दगडाला.

रामटेकला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गडावर माकडं, खाली अंबाळा तलाव, राममंदिरात गर्दी, त्याबद्दल सगळेच लिहितात. मी पायऱ्यांच्या कडेला उघड्या पडलेल्या खडकाकडं गेले. तिरक्या बाजूनं बघितलं तर तो चमकतो, बारीक बारीक अभ्रक, हाताला लागलं की तळहात चांदीच्या पावडरीसारखा. मनसर आणि रामटेकचे हे खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे, जमिनीत खोल दाबले, भाजले गेलेले. म्हणजे सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत पन्नास किलोमीटरमध्ये आम्ही साडेसहा कोटींवरनं पंचवीस कोटींवर आणि तिथनं शंभर कोटींवर आलो, बाईकवर, मध्ये एक पंक्चर काढून. गडावर बसून मी दादाला बोटं मोजून हे सांगितलं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता नैर्ऋत्येकडं नागपूरच्या दिशेनं बघत होता.

कराडला आल्यावर एक काम लगेच केलं. कन्हानची रेती एका ताटलीत, प्रीतिसंगमावरची वाळू दुसऱ्या ताटलीत, आणि भाच्याचा जुना स्पीकर फोडून त्यातला लोहचुंबक काढला. आमच्या कृष्णेच्या वाळूत फिरवला तर काळ्या कणांची अक्षरशः दाढी लटकली चुंबकाला, बसाल्टमधलं लोहखनिज ते. कन्हानच्या रेतीत फिरवला तर पाच-सहा कण, बस. भाच्यानं चार वेळा करून बघितलं. दादाला व्हिडिओ कॉल करून दाखवलं तर तो म्हणाला, "अन् पाट्याची पूड?" ती आणायची राहिलीच की. आत्याला सांगून ठेवलंय, टाकी लावणारी बाई दारावर आली की पाट्याखाली पेपर अंथर, आणि जे पडेल ते सगळं पुडीत बांधून ठेव.